हात मावतील एवढा पडदा

पलंगावरून,
४ ऑगस्ट

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आधी ते घे, कारण पुढे शिव्याच आहेत.

तुझं पाच पानी पत्र आणि सोबतची गुळगुळीत माहितीपत्रकं पोचली. मी एवढंच विचारलं होतं की घरी वापरायचा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा तर कुठला, आणि कुठल्या कॅसेटचा. तू दुकानात दिवसभर हेच विकतोस म्हणून विचारलं. तर तू लिहिलंस, एकात आवाज एकेरी येतो, दुसऱ्यात स्टिरिओ येतो, आणि तिसऱ्यात इतका स्वच्छ येतो की टाचणी पडली तरी ऐकू येईल. अरे, मी जन्मापासून ठार बहिरी. बाबाही तसेच. आमच्याकडे टाचणी पडली तर ती पायात घुसल्यावर कळते! माहेरात चालणारे कान तुझे एकट्याचे. म्हणून पाचातली दोन पानं त्यांच्या कौतुकात घालवायची?

तू दुकानाच्या नादात विसरशील म्हणून पुन्हा लिहिते. बाबांची नजर चहूबाजूंनी आवळत चालली आहे. नळीतून बघावं तेवढंच त्यांना दिसतं आणि ती नळी दर महिन्याला बारीक होते. वर्ष संपेपर्यंत टिकली तर नशीब, असं डॉक्टरांनी तुलाच सांगितलंय. इकडे मला सहावा महिना, आणि डॉक्टरीणबाईंनी मला पलंगाला बांधल्यासारखं करून ठेवलंय. प्रवास तर सोडच, जिना उतरायचीही बंदी. बाबांची दर आठवड्याला तपासणी, म्हणून तेही दोन दिवसांचा प्रवास करून येऊ शकत नाहीत. म्हणजे त्यांची नजर जायच्या आत मला त्यांच्यासमोर बसून चार खुणा करता येणार नाहीत, आणि बाळाचं तोंडही त्यांना दिसणार नाही.

कागदावरचं नाव काय, कुणीही ठेवील. हाताचं नाव, खुणेचं, आपल्या घरात बाबाच ठेवतात आणि माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठेवत नाहीत. फोटोवरून ठेवा म्हणून मी मागे विनवलं होतं. फोटोतला माणूस गप्प असतो, त्यावरून काही सुचत नाही, असं त्यांनी कळवलं. खरंच आहे ते. नाकाखालून मनगट ओढलं की तुझं नाव होतं, कारण तू दर दोन मिनिटांनी बाहीला नाक पुसायचास. फोटोत ते कुठून दिसणार?

आणखी एक. वहिनीने चिठ्ठीत कळवलंय की माझं मागचं चार पानी पत्र तू बाबांना तीन खुणांत सांगितलंस: ताई, बरी, झोपून. बाबांना एकेक अक्षर करत वाचावं लागतं, पान संपेपर्यंत डोळ्यांना पाणी सुटतं, म्हणून तर तुझ्यावर भरवसा ठेवला. चार पानांचे तीन शब्द? चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेल्या माणसाला असला मजकूर देतात होय?

आता सरळ सांग. घरातल्या दिव्यावर बोटं सुटी सुटी कुठल्या कॅमेऱ्यात दिसतात? मी पलंगावर बसले तर चेहरा आणि दोन्ही हात कुठल्यात मावतात? कॅसेट किती वेळ चालते? आवाजाबद्दल एक अक्षर आलं तर पत्र परत पाठवीन.

माया आहे, पण ती आटायच्या आत उत्तर टाक.
तुझी ताई

दुकान, दुपारी गिऱ्हाईक नसताना,
१२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. शिव्या सुस्थितीत पोचल्या. वाटेत एकही गहाळ झाली नाही.

आवाजाचं चुकलं. सवय, दुसरं काय! प्रत्येक गिऱ्हाईक आधी तेच विचारतं आणि माझं तोंड आपोआप सुरू होतं. आता तुझ्या प्रश्नांना धरून लिहितो. कॅमेऱ्यांची साधारण तीन घराणी आहेत. पहिली छोटी व्हीएचएस. तिची कॅसेट एका खोक्यात बसवली की घरच्या व्हीसीआरमध्ये सरळ चालते, दुसरं काही लागत नाही. पण टेप अर्धा तासच. लाँग प्ले लावलं तर तास चालेल, मात्र चित्रावर रवा सांडल्यासारखा दिसतो. दुसरी आठ मिलिमीटरची. तिची कॅसेट खिशात मावते, दीड तास चालते, पण व्हीसीआरमध्ये जात नाही. कॅमेराच वायरीने टीव्हीला जोडावा लागतो. तिचीच थोरली बहीण हाय-एट, चित्र जास्त रेखीव. तिसरी डिजिटल. चित्र असं की पापणीचे केस मोजावेत, पण उजेड कमी पडला की रुसते. बोटं सुटी दिसायला शटर वेगवान ठेवावं लागतं आणि मग खोलीत उजेड भरपूर हवा, हे तिघींनाही लागू.

काही कॅमेऱ्यांना बाजूला दारासारखा उघडणारा छोटा पडदा असतो, काडेपेटीहून थोडा मोठा. त्याला भुलू नकोस. नाकापेक्षा मोती जड. बॅटरी खातो आणि मिरवण्यापलीकडे उपयोग नाही. मी गिऱ्हाइकांनाही हेच सांगतो.

माझं मत छोट्या व्हीएचएसला. आपल्याकडे व्हीसीआर आहे, आणि गेल्याच महिन्यात मी एकोणतीस इंची टीव्ही आणलाय. बाबांना तू भिंतीएवढी दिसशील! मालकांना विचारून दुकानातला दाखवायचा कॅमेरा पार्सलने पाठवतोय. त्यात बोलून कॅसेट परत पाठव.

आता माझंही ऐक, कारण पलंगावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. दर बुधवारी अर्धा दिवस मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसतो. बाबांना समोर बसवून खुणा केल्या तर त्यांना माझा एक हात दिसतो, तर दुसरा दिसत नाही. हातांकडे बघितलं की चेहरा जातो. लांब उभं राहून पाहिलं, पार व्हरांड्याच्या टोकाला. तिथे उजेड कमी, बोटं कळत नाहीत. दोन हातांची खूण केली की ते विचारतात, अर्धी कुठे गेली? मग मी एका हाताच्या, सोप्या, थोड्या खुणा करतो. तीन खुणा मी आळसाने केल्या नव्हत्या, ताई. तेवढ्याच पोचतात.

भाऊजींना नमस्कार. तुझा राग माझ्यावर असू दे, पण पोटातल्याला त्याची झळ लागू देऊ नकोस.
तुझा
बारक्या

पलंगावरून,
२७ ऑगस्ट

चि. बारक्यास,
आशीर्वाद. या खेपेला ते पुरते तुझ्यासाठी नाहीत, अर्धे मी स्वतःला ठेवून घेतले आहेत, कारण मला त्यांची जास्त गरज आहे.

तीन खुणांचं वाचून वाईट वाटलं. ते तू आधी का लिहिलं नाहीस? मनात ठेवून कुढायचं आणि मग मी बोलले की तोंड पाडायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड.

आता कॅमेऱ्याची हकिकत ऐक आणि रागाने लाल हो, कारण मी झाले. पार्सल आलं तेव्हा हे बाइंडिंगच्या कारखान्यात होते. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई धावत आल्या. त्यांना कॅमेरा चालवता येतो, भाचीच्या लग्नात चालवला होता, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. मी केस नीट केले, उशीला टेकून बसले आणि अर्धा तास बाबांशी बोलले. भेट झाली नाही त्या दोन वर्षांचं सगळं. कारखान्यातली भांडणं, बाळ कुठल्या बाजूला लाथा मारतं, मला भीती कशाची वाटते, सगळं! संध्याकाळी हे आल्यावर टीव्हीला वायर जोडून बघितलं. अर्धा तास माझा चेहरा. फक्त चेहरा! भुवया वर, भुवया खाली, ओठांचा चंबू. हात चौकटीच्या बाहेर. मधूनच एखादं बोट खालून डोकावायचं आणि गुडूप व्हायचं. बाईंना विचारलं तर त्यांनी मोठ्या प्रेमाने लिहिलं की चेहऱ्यावर इतके भाव होते की जवळून घेतल्यावाचून राहवेना. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. अशा बाईवर ओरडायचं तरी कसं? पण आतून मी धुमसत होते. म्हणजे त्यांच्या गाण्यात कुणी फक्त तबला भरून आणावा आणि वर म्हणावं, ठेका फार गोड होता!

मग रविवारी यांनी कामाचा माणूस कसा असतो ते दाखवलं. कारखान्यातून शिवलेल्या वह्यांचे गठ्ठे आणले, त्यांवर कॅमेरा ठेवला, माझ्यापासून पलंगाच्या दोन लांबींवर. हवेत चार बाजूंना हात लावून दाखवले आणि चादरीवर खडूने खुणा केल्या की याच्या बाहेर हात न्यायचे नाहीत. शेजारून दिवा मागून आणला. अर्धा तास पुरणार नाही म्हणून मी लाँग प्ले लावायला लावलं आणि तासभर बोलले. पुन्हा सगळं सांगताना पहिल्यासारखं आलं नाही, पण आलं.

कॅसेट सोबत आहे. बाबांना दिवसाउजेडी, खिडकी मागे ठेवून, शांतपणे दाखव. त्यांनी काय काय म्हटलं ते मला खुणा न गाळता लिही.

उत्तराची वाट बघणारी, आणि तोवर बरी असलेली,
तुझी ताई

घर,
९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र मी तीनदा फाडलं.

रविवारी सकाळी बाबांनी स्वच्छ दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. तू खरंच येणार असल्यासारखे ते खुर्चीत बसले. मी एकोणतीस इंची टीव्ही लावला, कॅसेट त्या खोक्यात बसवली, चालू केली. तू आलीस, भिंतीएवढी. तू हात हलवायला लागलीस आणि बाबा खुर्चीत इकडेतिकडे मान हलवायला लागले. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. टेनिसचा सामना बघतात तसं. मी म्हटलं, सवय होईल. पाच मिनिटांनी ते उठून पडद्याजवळ गेले आणि काचेवर बोट ठेवून तुझा हात शोधू लागले. तोवर तो हात तिथून गेलेला असायचा. लाँग प्लेने वर रवा सांडलेला होताच. तुझी बोटं एकमेकांत विरघळत होती.

पंधराव्या मिनिटाला त्यांनी मला विचारलं की त्यांना एक कोपर, एक बांगडी आणि अर्धी हनुवटी दिसली, यातली ताई कुठली? मग ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी हिला कळवलं की बाळाच्या नावाचं आता राहू द्या, कागदावरचं पुरे.

मी तुला लाँग प्ले लावू नकोस असं स्पष्ट लिहायला हवं होतं. आणि तूही, रवा सांडतो हे वाचूनसुद्धा, तेच लावायची काय गरज होती? पण टीव्ही मी आणला. मोठा तो चांगला, हे मीच रोज शंभर लोकांना सांगतो. मला माझीच लाज वाटते.

लिहवत नाही. तब्येत सांभाळ.
तुझा
बारक्या

पलंगावरून,
१६ सप्टेंबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद उद्या देईन. आज माझ्याकडे नाहीत.

कागदावरचं पुरे? बाबा म्हणाले? माझं नाव ठेवताना ते दोन महिने माझ्याकडे बघत बसले होते, आईने सांगितलं होतं मला. यांचं नाव पहिल्या भेटीतच ठेवलं, अंगठा बोटांवर घासून, बोटांवर डिंक वाळलेला असायचा म्हणून. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी अजून आम्ही हनुवटीला बोट लावलं की ती खोलीत येते. आणि माझ्या बाळाला नाव नाही? ते काय रस्त्यावर पडलंय?

तुझ्यावर चिडले, तुझ्या त्या भिंतीएवढ्या टीव्हीवर चिडले, कॅमेरे बनवणाऱ्यांवर चिडले. एकानेही माहितीपत्रकात लिहिलं नाही की हे यंत्र ज्याला नळीतून दिसतं त्याच्या कामाचं आहे की नाही. तिथे सगळी चढाओढ मोठं, अजून मोठं, त्याहून मोठं अशीच! यांनी मला पाणी आणून दिलं आणि खुणेने सांगितलं की एवढं चिडून चालणार नाही, चिडून विचार कर. तो केला.

अरे, नळीतून हत्ती बघितला तर सोंडसुद्धा पुरती दिसत नाही. मुंगी बघितली तर आख्खी दिसते. बाबांनी आयुष्यभर काय बघितलं? उलटी अक्षरं, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांना मोठं दाखवायची अवदसा तुला आठवली आणि मलाही त्यातलं काही कळलं नाही. त्यांना बारीक दाखव! उजळ आणि बारीक. असा टीव्ही शोध की ज्यात मी दोन्ही हातांसकट त्यांच्या नळीत मावेन. घड्याळाएवढा मिळाला तरी चालेल. तुझ्या दुकानात एवढी यंत्रं आहेत, त्यांतलं लहानात लहान कुठलं ते बघ, आणि बाबांना घरी बसवून ठेवू नकोस, सोबत ने. निवड त्यांना करू दे. डोळे त्यांचे आहेत.

लाँग प्लेचं माझं चुकलं. हे एकदाच लिहिते आहे, जपून ठेव.
तुझी ताई

दुकान,
२८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. घाईघाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

काल बुधवारी दवाखान्यातून बाबांना थेट दुकानात आणलं. मालक गल्ल्यावर होते. काउंटरवर मी सगळी यंत्रं मांडली. बाबांनी एकेक हातात घेतलं. डोळ्याला लावून बघायची जी भिंगाची खिडकी असते, ती त्यांनी नाकारली. चष्मा आड येतो. डिजिटल घेतला, ठेवला. छोटी व्हीएचएस घेतली, नाव कळल्यावर आदळलीच. मग एका आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचं बाजूचं दार त्यांच्या बोटाने आपोआप उघडलं. तोच तो मिरवायचा पडदा. मी समोर उभा होतो, कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे होतं आणि पडद्यावर मी होतो. बाबांनी कॅमेरा हातभर लांब धरला. मग त्यांनी मला सांगितलं की काहीतरी बोल.

काय बोलणार? मी दोन्ही हातांनी, सावकाश सांगितलं की ताईने पाठवलंय तुम्हाला इथे. त्यांनी लगेच मला थांबवलं. म्हणाले की माझा डावा अंगठा झोपलेला आहे, आणि पाठवलं ही खूण छातीपासून सुरू होते, पोटापासून नाही. ताई, त्यांना अंगठा दिसला! दोन्ही हात, चेहरा, सगळं एकदम. मग जे सुरू झालं ते काय सांगू. पाऊण तास ते कॅमेऱ्याच्या मागे आणि मी पुढे. माझ्या खुणांच्या एकोणीस चुका काढल्या. मालकांसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर. म्हणाले, वर्षभर हा असा गबाळा बोलतोय आणि मला वाटत होतं दोष माझ्या डोळ्यांचा!

नंतर त्यांनी वर्षाचं साठवलेलं विचारायला घेतलं. तुला नक्की काय झालंय, निजून का ठेवलंय. मी खरं सांगितलं. जुलैत रक्त गेलं तेही सांगितलं. तेव्हा असे भडकले की एका गिऱ्हाइकाने भिऊन हातातली पिशवी पोटाशी धरली. म्हणाले की ते आंधळे होत आहेत, मूर्ख नाही. लेकीच्या जिवावरचं दुखणं त्यांना बरी आणि झोपून म्हणून सांगितलं जातं? मी मान खाली घातली तर म्हणाले, मान वर कर, चौकटीतून जातोयस.

मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कुठला पसंत पडला? मी म्हटलं, तो ते आता सोडणारच नाहीत. तेव्हा ठरलं, आठ मिलिमीटर. रेखीव चित्र, रवा, स्टिरिओ, माझी इतक्या वर्षांची पोपटपंची, सगळं एका पडद्यापुढे फोल ठरलं. त्याच जातीचा दुसरा कॅमेरा तुला पाठवतोय. कॅसेट दीड तासाची आहे. लाँग प्लेच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे, ती काढलीस तर याद राख.

घरी आम्ही रोज संध्याकाळी असेच बोलतो, टेबलावर कॅमेरा मध्ये ठेवून. पण डॉक्टर म्हणाले, डावा डोळा महिनाभराचा. उजव्याचं ते सांगत नाहीत. घाई कर म्हणून बाळाला सांगता येत असेल तर सांग, पण हळू आवाजात.

भाऊजींना आठवण. तुझ्या रागाचा आजन्म धनी,
बारक्या

दवाखाना, खिडकीजवळची खाट,
३ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद, भरपूर, आणि तुझ्या भाचीचेही, तिला द्यायचे ते कळत नसले तरी.

गेल्या शुक्रवारी पहाटे मुलगी झाली. आधीच आली, पण धड आहे. मीही धड आहे, फक्त डॉक्टरीणबाई मार्चपर्यंत प्रवासाला सोडणार नाहीत. बाबांना हे लगेच सांग, दोन्ही अंगठे जागे ठेवून.

इथे मात्र माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. येणारा प्रत्येक जण, सफाईवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत, पाटीवर एकच लिहितो: हिला ऐकू येतं का? एक परिचारिका तर तिच्या कानाशी चाव्यांचा जुडगा वाजवत होती. माझ्या बाळाच्या कानाशी, मला न विचारता! येत असेल तर येईल, नसेल तर नाही. आम्ही दोघं नवराबायको बहिरे, काय उपाशी मेलो? ती बघते का, हे एकानेही विचारलं नाही. बघते. पाळण्यावर माझा हात आला की तिचे डोळे मागे फिरतात.

कॅसेट सोबत आहे. यांनी पाळण्यावर कॅमेरा ओणवा धरला आणि हात दुखेपर्यंत धरून ठेवला. पाऊण तास. त्यात ती बहुतेक झोपलेली आहे, दोनदा शिंकते, एकदा रडते, आणि जागी झाल्यावर यांच्या डिंकाच्या बोटाशी झोंबते. मी काहीच बोलले नाही त्यात. बोलायला घेतलं असतं तर माझेच हात मध्ये आले असते. कॅसेट विमा करून पाठवली आहे. हातात पडली की क्षणभरही थांबू नकोस. ग्राहक उभा असला तर उभा राहू दे.

बाबांचा डावा डोळा कसा आहे ते मला खरं लिही. मी पलंगावर आहे, मूर्ख नाही.
तुझी ताई

२१ नोव्हेंबर

चि. सौ. ताईस,
तुझ्या बापाचे आशीर्वाद. अक्षर माझंच आहे. पुठ्ठ्याला ओळींच्या फटी पाडल्या आहेत, त्यांतून लिहितो. ओळ वर चढली असेल तर दोष पुठ्ठ्याचा.

बारक्याला आलेली तुझी सगळी पत्रं सूनबाईने मला दाखवली, कॅमेऱ्याच्या पडद्यावर, एकेक पान. ऑगस्टपासून तुम्ही माझे डोळे, माझी नजर आणि माझी नळी यांवर चर्चा करत होतात आणि मला पत्ता नाही! कुठल्यात आवाज कसा, कुठली कॅसेट किती वेळ. मला विचारलं असतंत तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं की लहान दाखवा. चाळीस वर्षं मी तेच केलं. पण म्हाताऱ्याला विचारतो कोण? त्याच्या पाठीमागे त्याची काळजी करायची, हीच तुमची तऱ्हा.

डावा डोळा गेला. दसपट स्वच्छ लिहितो म्हणजे तुला शंका राहणार नाही: गेला. उजव्याची नळी आता खिळ्याएवढी उरली आहे. कॅसेट अकरा तारखेला आली. त्या दिवसापासून कॅमेरा माझ्या मांडीवर आहे. बारक्या बॅटरी भरून भरून थकला. पाऊण तास मी रोज चार वेळा बघितला. झोपलेली बघितली. शिंकणं बघितलं. चेहरा तुझा नाही, जावयांचाही नाही, अजून कुणाचाच नाही. चेहऱ्यावरून नाव ठेवायला वेळ लागतो आणि माझ्याकडे तो नव्हता, म्हणून आठवडाभर मी चिडलेला होतो. सूनबाईने दोनदा जेवण परत नेलं.

परवा मला कळलं की मी चुकीचं बघत होतो. तुमची सगळ्यांची नावं मी हवेत ठेवली. तेव्हा डोळे चांगले होते, अक्कल नव्हती. बारक्या मनगट नाकाखालून नेईल तेव्हा ते मला कसं दिसणार? तुझ्या आईचं नाव कुणी घेतलं तर मला कोण सांगणार? ती सगळी नावं थोड्या दिवसांत माझ्यासाठी पुसली जातील. अजून एक तसलंच ठेवायचं नाही.

म्हणून हे नीट वाच आणि जावयांनाही समजाव. हे नाव हवेत करायचं नाही. समोरच्याचं एक बोट, कुठलंही, आपल्या मुठीत घट्ट धरायचं. समोरच्याने दाबून उत्तर देईपर्यंत सोडायचं नाही. बस. तिने जावयांचं बोट अठ्ठाविसाव्या मिनिटाला तसंच धरलं आहे आणि त्यांनी सोडवायला बघितलं तरी सोडलेलं नाही. नाव तिनेच सांगितलं आहे, मी फक्त वाचलं. आता घरात सगळ्यांनी ते तसंच घ्यायचं. ज्यांना दिसतं त्यांनीसुद्धा.

बारक्याला ते काल शिकवलं. माझं बोट धरून बराच वेळ बसला होता.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाई प्रवासाला सोडतील असं लिहिलंस. तोवर मला काही दिसत नसेल. त्याचं रडू मांडून बसू नकोस, आणि दारात कोण आलंय ते दुसऱ्या कुणाला मला सांगू देऊ नकोस. सरळ आत ये. तिला माझ्या मांडीवर ठेव आणि माझं बोट तिच्या मुठीत दे. कोण आलंय, ते तिचं ती सांगेल.

तुम्हा तिघांवर जीव असलेला,
बाबा